अधिवेशन तोंडावर आलंय, शिकवणी वर्गात फी अडकलीय: आमदाराकडून नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका शिकवणी वर्गाने दोन वर्षांच्या कोर्सची सगळी फी, प्रत्येकी 1,35,000 रुपये, आधीच घेतली. सात महिने वर्ग चालले, मग शटर खाली. 62 पालक अडकलेत. काहींनी ही फी फायनान्स कंपनीच्या कर्जातून भरली होती, त्यांचे हप्ते अजून चालू आहेत. पोलीस म्हणतात, ‘दिवाणी स्वरूपाचा वाद आहे.’ हिवाळी अधिवेशनात आमदारांना निवेदन द्यायचं ठरलंय. आमदार खरंच काही करू शकतात का, आणि ग्राहक आयोगात जायचं की अधिवेशन होईपर्यंत थांबायचं?

थांबू नका. आणि आमदार तुमची फी परत आणून देऊ शकत नाहीत, हे आधीच मनात पक्कं करा. पैसे परत करायचा आदेश देण्याचा अधिकार आमदाराला नाही, मंत्र्यालाही नाही. तो आयोगाला आहे. आमदाराच्या हातात दुसऱ्या गोष्टी आहेत: ज्या सरकारी यंत्रणेने हालायला हवं तिला सभागृहात उत्तर द्यायला लावणं, आणि कायद्यात जिथे भोक आहे तिथे कायदा करायला भाग पाडणं. या दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत, पण त्या मागायची पद्धत असते. रविभवनाच्या (अधिवेशनकाळात मंत्री उतरतात तिथल्या) व्हरांड्यात गर्दीत उभं राहून ‘साहेब, न्याय द्या’ असं दोन ओळींचं निवेदन दिलं, तर ते पी.ए.च्या फाइलमध्ये जातं आणि तिथेच राहतं.

आयोगाचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे घड्याळ चालू आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. आमदारांकडे पाठपुरावा चालू होता, हे उशिराचं कारण म्हणून सांगता येतं, पण आयोग ते मान्य करेलच असं नाही. तुम्ही नागपुरात राहता, तेवढं पुरतं. वर्गाचं मुख्य कार्यालय दिल्लीत असो की राजस्थानातल्या कोटा शहरात, कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करायची तर आता ई-जागृती पोर्टलवर.

इथे बहुतेक गट एक चूक करतात: सगळ्यांची मिळून एकच तक्रार. कलम 35 मध्ये समान हित असलेल्या ग्राहकांच्या वतीने एक तक्रार करायची सोय आहे, पण त्यासाठी आयोगाची परवानगी लागते आणि रक्कम सगळ्यांची एकत्र धरली जाते. 62 गुणिले 1,35,000 म्हणजे 83,70,000 रुपये. झालं, 50 लाखांच्या वर गेलात, प्रकरण राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, आणि तक्रारीची फी 2,000 रुपये. पैशांचा प्रश्न नाही, पण ‘समान हित’ आहे की नाही यावरच वाद होतो. कुणी फी हप्त्याने भरली, कुणाला सवलत मिळाली होती, कुणी कर्ज काढलं. त्यापेक्षा मसुदा एक, तक्रारी 62, प्रत्येकाचे आकडे आणि कागद वेगळे. विरुद्ध पक्षाचे पत्ते, परिच्छेदांचा क्रम, मागण्या सगळीकडे सारख्या ठेवल्या की आयोगालाही एकत्र सुनावणी घेणं सोपं जातं.

दुसरा सापळा जास्त वाईट आहे. प्रवेश अर्जाच्या मागे बारीक अक्षरात ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. ते वाचून तक्रारदार संतापतो आणि तक्रारीत ‘हा अनुचित करार आहे, तो रद्द करा’ अशी मुख्य मागणी लिहितो. 2019 च्या कायद्यात अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेलाच नाही. ती राज्य आयोगापासून वर. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने समोरच्याला अधिकारक्षेत्राचा मुद्दा दिलात. त्याऐवजी ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे दोन पाय धरा. कलम 2(47) मध्ये स्पष्ट आहे: त्रुटीची सेवा बंद करून पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, मोबदला परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा.

मागणीचा आकडा हिशेबाने लिहा. 24 महिन्यांपैकी 7 महिने शिकवलं, 17 राहिले. 1,35,000 भागिले 24 म्हणजे महिन्याला 5,625, गुणिले 17, म्हणजे 95,625 रुपये. पूर्ण फी मागायची असेल तर कारण द्यावं लागेल: अर्धवट कोर्सचा उपयोग नाही, मधेच दुसऱ्या वर्गात पुन्हा पूर्ण फी भरावी लागली, वगैरे. आधी पूर्ण फी आणि पर्यायाने प्रमाणशीर रक्कम, अशी दुहेरी मागणी लिहिणं सगळ्यांत सुरक्षित. त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

शिकवणी वर्ग ही ‘सेवा’ आहे का, हा मुद्दा समोरचा हमखास काढतो. शाळा-महाविद्यालयांच्या बाबतीत निकाल ग्राहकाच्या बाजूचे नाहीत. पण राष्ट्रीय आयोगाने जानेवारी 2020 च्या मनू सोलंकी प्रकरणात शिकवणी वर्गांना शैक्षणिक संस्थांपासून वेगळं काढलं आहे. तो निकाल तक्रारीला जोडूनच ठेवा.

कर्जवाल्या पालकांसाठी वेगळं. हप्ता आपल्या मनाने थांबवू नका, सिबिल बिघडतो आणि आयोगाचा आदेश येईपर्यंत तो सुधारत नाही. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करा, तिलाही विरुद्ध पक्ष करा आणि हप्ते थांबवण्यासाठी कलम 38(8) खाली अंतरिम आदेश मागा. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं. मात्र एकच गाऱ्हाणं एकाच वेळी आयोग आणि लोकपाल दोघांकडे चालत नाही, एक निवडावं लागतं.

आता आमदार.

नागपूर कराराप्रमाणे (1953) वर्षातून एक अधिवेशन इथे भरतं, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबर आला की निवेदनांचा हंगाम सुरू होतो. टेकडी रोडवर मोर्चे अडवले जातात, यशवंत स्टेडियमला मंडप पडतात, आमदार निवासात पाय ठेवायला जागा नसते. पण सभागृहाचं काम ज्यांना माहीत आहे ते आमदाराला डिसेंबरात भेटत नाहीत, ऑक्टोबरात भेटतात. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जातात, कारण प्रश्न विभागाकडे जाणार, विभाग तो जिल्ह्याला पाठवणार, जिल्हा माहिती देणार आणि मग उत्तर तयार होणार. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्नाची वेळ टळलेली असते. तेव्हा हातात उरतात ती लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्यांकडून निवेदन मागणारी, विधानसभेत नियम 105), औचित्याचा मुद्दा, आणि नियम 293 खालच्या चर्चेत बोलताना केलेला उल्लेख. वजनाच्या दृष्टीने हाच उतरता क्रम समजा. औचित्याच्या मुद्द्यावर मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावंच लागतं असं नाही. वर्तमानपत्रात मात्र ‘आमदारांनी सभागृहात आवाज उठवला’ अशी बातमी येते आणि पालक खूश होतात. बातमी आणि उत्तर यातला फरक ओळखा.

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे, आणि त्या साच्यातच यश-अपयश ठरतं. नेहमी येणारा, आणि नेहमी वाया जाणारा, प्रश्न असा असतो:

‘(1) नागपूर शहरातील खाजगी शिकवणी वर्ग पालकांची फसवणूक करीत आहेत, हे खरे आहे काय, (2) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

याचं उत्तरही ठरलेलं: ‘(1) हे खरे नाही. (2), (3) व (4) प्रश्न उद्भवत नाही.’ कारण पहिल्याच भागात ‘फसवणूक करीत आहेत’ असा सरसकट आरोप आहे. विभागाला तो नाकारणं एका शब्दाचं काम आहे, आणि पहिला भाग पडला की खालचे तिन्ही आपोआप पडतात.

आता हाच प्रश्न नाकारता येणार नाही असा करायचा. पहिल्या भागात कागदावर सिद्ध होणारी एकच गोष्ट ठेवा:

‘(1) नागपूर शहरातील एका खाजगी शिकवणी वर्गाने शैक्षणिक सत्राच्या मध्यात वर्ग बंद केल्याबाबत 62 पालकांनी मा. जिल्हाधिकारी, नागपूर यांच्याकडे दिनांक अमुक रोजी लेखी तक्रार सादर केली, हे खरे आहे काय. (2) असल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 16 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांनी याबाबत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास अहवाल सादर केला आहे काय, असल्यास कोणत्या दिनांकास. (3) केंद्र शासनाने जानेवारी, 2024 मध्ये शिकवणी वर्गांच्या नोंदणी व नियमनाबाबत जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्यात कायदा करण्याची कार्यवाही कोणत्या टप्प्यावर आहे. (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

तक्रार आवक झालेली आहे, क्रमांक आहे, तारीख आहे. ‘हे खरे नाही’ असं लिहिता येत नाही. आणि दुसऱ्या भागाला ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे जागा नाही. ‘नाही’ असेल तर चौथा भाग जिवंत राहतो. म्हणजे आमदाराकडे जाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार देऊन आवक क्रमांक घेतलेला असायला हवा. हे काम पालकांचं, आमदाराचं नाही.

कलम 16 आणि 17 बद्दल दोन शब्द, कारण हे फार कमी जणांना माहीत आहे. एका ग्राहकाचा नव्हे तर ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग झाला असेल, तर तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. ते चौकशी करून अहवाल केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवू शकतात. त्या प्राधिकरणाला अनुचित प्रथा बंद करण्याचे, सेवा मागे घेऊन तिची किंमत परत देण्याचे आदेश काढता येतात, आणि फसव्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करता येतो. तुमच्या वर्गाच्या माहितीपत्रकात ‘शंभर टक्के निकाल’, टॉपर मुलांचे फोटो वगैरे असतील तर ते जपून ठेवा. 13 नोव्हेंबर 2024 च्या शिकवणी वर्गांच्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निवड झाल्यानंतर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता, तो फुकट होता की पैसे भरून, हे सांगावं लागतं. जाहिरातीच्या या मुद्द्यातून तुमची फी सुटणार नाही, पण वर्गाच्या मालकाला वाटाघाटीला बसवायला याचा उपयोग होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) प्रत्येक पालकाने आपापली तक्रारही नोंदवा. प्राधिकरण अशा तक्रारींच्या संख्येकडे बघतं.

प्रश्न कोणत्या विभागाला टाकायचा, यावर बरंच अवलंबून आहे. शिकवणी वर्गाचं नियमन शालेय शिक्षणाकडे, ग्राहक हक्क अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाकडे, गुन्हा नोंदवला नाही तर गृह विभाग. एकाच प्रश्नात तिन्ही घुसवले की तो विभागांमध्ये फिरत राहतो आणि शेवटी ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असं उत्तर येतं. तीन आमदारांकडून तीन प्रश्न द्या, प्रत्येकाला एक विभाग. वरच्या नमुन्यातला भाग (3) सुद्धा तसाच वेगळा काढून शालेय शिक्षणाच्या प्रश्नात घाला. पक्ष वेगळे असले तर उलट बरं. गृह विभागाच्या प्रश्नात एवढंच विचारा: तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या दिवशी दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) खाली गुन्हा नोंदवला काय, प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे वर्ग केलं काय. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा इथे लागतो का, हे वादाचं आहे. पण त्यातली ‘ठेव’ची व्याख्या पैशांच्या बदल्यात सेवा देण्याच्या व्यवहारापर्यंत जाते आणि त्या कायद्यात मालमत्ता जप्त करण्याची सोय आहे, म्हणून तपास अधिकाऱ्याला त्यावर लेखी मत द्यायला लावणं फायद्याचं.

आणखी एक अडथळा: न्यायप्रविष्ट. तुम्ही आयोगात तक्रार टाकलीत आणि आमदाराने त्याच वर्गाचं नाव घेऊन त्याच फीबद्दल प्रश्न विचारला, तर बाब न्यायप्रविष्ट म्हणून तो बाजूला पडू शकतो. यावर उपाय तक्रार न टाकणं हा नव्हे. प्रश्नात वर्गाचं नाव नको आणि ‘फी परत मिळवून देणार काय’ ही मागणीही नको. यंत्रणेने काय केलं आणि धोरण काय, एवढंच विचारायचं. तसंच आयोगाच्या अध्यक्षांना ‘जरा लवकर बघा’ असा फोन करायला आमदाराला सांगू नका. कुणी तसा सल्ला दिला तर त्या माणसापासून लांब राहा.

लक्षवेधी लागली तर तिचा खरा उपयोग मंत्र्यांच्या निवेदनानंतरच्या उपप्रश्नांत असतो. निवेदन अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं, त्यात काही सापडत नाही. आमदाराच्या हातात अर्ध्या पानाचा कागद द्या, जास्त नको. त्यावर तीन उपप्रश्न, आणि प्रत्येकात ‘किती दिवसांत’ आणि ‘कोणत्या अधिकाऱ्यामार्फत’. भाषणासाठी माहिती मागतील, ती वेगळ्या कागदावर. बोलण्याच्या ओघात उपप्रश्न राहून जातात, हे नेहमी होतं. ‘तपासून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ एवढ्यावर आमदार खाली बसले, तर महिनाभराने विचारायलाही काही उरत नाही. ‘नागपूर जिल्ह्यात 60 दिवसांत चौकशी अहवाल’ असं मंत्र्यांच्या तोंडून आलं, तर ते आश्वासन होतं आणि मंत्र्यांनी दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे त्याचा हिशेब राहतो.

पण आश्वासनही हवेत विरू शकतं, त्याचं नागपूरच्याच सभागृहातलं उदाहरण बघा. 2018 साली पावसाळी अधिवेशन इथे भरलं होतं. जुलैत विधान परिषदेत मल्टिप्लेक्समधल्या खाद्यपदार्थांच्या दरांचा विषय निघाला. ग्राहक संरक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनी सांगितलं की बाहेरचे पदार्थ नेण्यास बंदी नाही, अडवणाऱ्यांवर कारवाई होईल, आणि 1 ऑगस्टपासून एकाच वस्तूचे दोन दर चालणार नाहीत. टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयात राज्य सरकारने सुरक्षेचं कारण देऊन वेगळा सूर लावला. आणि 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात ठरवलं की चित्रपटगृहाचा मालक बाहेरचं खाणं अडवू शकतो. पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या मुलाचं खाणं नेऊ द्यायचं, एवढंच बंधन. घोटाळा कुठे झाला? ‘बंदी करणारी तरतूद नाही’ आणि ‘बंदी करता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाला आपल्या जागेत अटी घालायला तरतूद लागत नाही. त्याला रोखायला मात्र तरतूद लागते, आणि ती कुणी केलीच नव्हती. दोन दरांचं तेवढं टिकण्यासारखं होतं, कारण त्यामागे नियम होता: आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंच्या नियमांत 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेली दुरुस्ती, एकाच वस्तूवर दोन कमाल किमती छापता येणार नाहीत. आमदाराने मंत्र्यांना विचारायला हवं होतं, ‘कोणत्या कलमाखाली कारवाई करणार?’ तो एक उपप्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं.

शिकवणी वर्गांचं नेमकं तेच दुखणं आहे. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या सूचनांमध्ये लिहिलं आहे की विद्यार्थी मधेच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत प्रमाणशीर परत करावी. छान आहे. पण त्या मार्गदर्शक सूचना आहेत, कायदा नव्हे. राज्याने कायदा केल्याशिवाय त्या मोडल्या म्हणून कुणाला दंड होत नाही. महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास असा मसुदा तयार झाला होता, तो पुढे सरकला नाही.

इथे आमदाराच्या हातातलं सर्वांत दुर्लक्षित हत्यार येतं: अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं खासगी विधेयक. ते मंजूर होण्याची आशा ठेवू नका, संसदेतसुद्धा 1970 नंतर एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही. पण शुक्रवारच्या अशासकीय कामकाजात ते चर्चेला आलं की मंत्र्यांना सरकारची भूमिका मांडावी लागते, आणि ‘सरकार स्वतः विधेयक आणत आहे, सदस्यांनी मागे घ्यावं’ असं वदवून घेता येतं. मसुदा करताना एक काळजी घ्या. विधेयकात नवं प्राधिकरण, नवी पगारी पदं असं काही टाकलं की राज्याच्या संचित निधीतून खर्च आला, आणि संविधानाच्या अनुच्छेद 207(3) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते पुढे जात नाही. हौशी मसुदे इथेच अडकतात. म्हणून अधिकार असलेल्याच अधिकाऱ्याला द्या, शिक्षणाधिकारी किंवा जिल्हाधिकारी. बाकी विधेयकात चारच गोष्टी पुरतात: एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त फी घ्यायची नाही, विद्यार्थी-संख्येच्या प्रमाणात बँक हमी, वर्ग बंद करायचा तर 60 दिवस आधी लेखी सूचना आणि 10 दिवसांत परतावा, आणि हा कायदा ग्राहक संरक्षण कायद्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही, असं स्पष्ट कलम. केंद्राच्या कायद्याचं कलम 100 तसंच आहे, तरी राज्याच्या कायद्यात ते लिहिलेलं असलं की वकिलांचे दोन वर्षांचे युक्तिवाद वाचतात. पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तीन महिन्यांची फी घेणारा वर्ग बुडाला तर तीन महिन्यांचंच बुडतं.

आणि ज्या आयोगात तुम्ही जाणार आहात त्याबद्दलही आमदाराला बोलायला लावा, कारण कायद्यातली मुदत आणि प्रत्यक्ष यात मोठं अंतर आहे. कलम 38 म्हणतं तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागणार असेल तर पाच. समोरच्याने जबाब 30 दिवसांत द्यायचा, फार तर आणखी 15, आणि 45 च्या पुढे मुदत वाढवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितलं आहे. तरीही तारखा पडतात, कारण सदस्यांच्या जागा रिकाम्या असतात किंवा लघुलेखक नसतो. यात केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवतात. सदस्यांच्या पात्रतेचे नियम केंद्र करतं. त्या नियमांतल्या तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच नागपूर खंडपीठाने 14 सप्टेंबर 2021 ला रद्द केल्या होत्या आणि 3 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवून 10 वर्षांचा अनुभव आणि लेखी परीक्षा असं ठरवून दिलं. मंत्री उत्तरात बहुधा या न्यायालयीन प्रकरणांकडे बोट दाखवतात. पण कर्मचारी देण्याची जबाबदारी कलम 33 प्रमाणे राज्य सरकारचीच आहे आणि त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही. म्हणून प्रश्न सदस्यांच्या नव्हे, कर्मचाऱ्यांच्या रिक्त पदांचा विचारा: मंजूर किती, भरलेली किती, कोणत्या संवर्गातली. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) येतात, तेव्हा ग्राहक संरक्षण विभागाच्या मागणीवर बोलताना हा आकडा काढणं अगदी नियमात बसतं.

आमदाराचं पत्र मागणार असाल तर मसुदा तुम्हीच न्या. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे शब्द असलेलं पत्र घेऊच नका, ते लिपिकाच्या टेबलावर मरतं. पत्रात तीन वाक्यं हवीत: तक्रारीचा आवक क्रमांक आणि दिनांक, कलम 16 खाली चौकशीची मागणी, अहवालाची प्रत अमुक तारखेपर्यंत कार्यालयास द्यावी. सोबत 62 जणांचा तक्ता: विद्यार्थ्याचं नाव, भरलेली रक्कम, पावती क्रमांक, भरल्याची तारीख, भरण्याचा मार्ग, शिल्लक महिने, मागणीची रक्कम. ज्यांनी रोखीने भरून पावती घेतली नाही त्यांना या तक्त्यात वेगळं दाखवा, त्यांचे व्हॉट्सॲप संदेश आणि प्रवेश अर्ज जोडा. ते इतरांत मिसळले की त्यांच्यामुळे सगळा तक्ता संशयास्पद ठरतो.

अधिवेशन संपलं की सभागृहाच्या कार्यवाहीत मंत्र्यांचे शब्द जसे छापले आहेत तसे काढून घ्या, वर्तमानपत्राचं कात्रण नको. मग जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह: आमच्या तक्रारीवर आणि आमदारांच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीसह सर्व कागदांच्या प्रती. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पोलिसांकडचा अर्ज वेगळा. 30 दिवसांत मिळालेले हे कागद दोन्हीकडे चालतात: आयोगात पुरावा म्हणून, आणि मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या पुढच्या प्रश्नाचा भाग (1) म्हणून.

दरम्यान वर्ग चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेल्याची कुणकुण लागली, तर सगळं सोडून आधी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. कंपनीविरुद्धचे दावे थांबवणारी स्थगिती लागू झाली की आयोगातली तक्रार थांबते, आणि दिवाळखोरीची प्रक्रिया बघायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा दाखल केला नाही तर आयोगाचा आदेश हातात असूनही वसुलीला कुणी उरत नाही. संचालकांना सुरुवातीपासून वैयक्तिक विरुद्ध पक्ष करून ठेवायचं ते याचसाठी, कारण कंपनीला मिळालेली स्थगिती त्यांना आपोआप लागू होत नाही. आणि आयोगाचा आदेश पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25,000 ते एक लाख दंड, किंवा दोन्ही, हे त्या माणसांना लागतं, बंद शटरला नाही.